मुलांसह क्रूझला जाताना केबिन कशी निवडावी: सोलापूरकर कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शक

क्रूझचं बुकिंग करायला बसलं की एजंट पहिला प्रश्न विचारतो, "इंटिरियर, ओशन व्ह्यू की बाल्कनी?" म्हणजे बिनखिडकीची, खिडकीची की बाल्कनीची खोली, आणि घरातली सगळी चर्चा समुद्र दिसणार की नाही याकडे वळते. मुलं बरोबर असतील तर हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी ठरवायचं ते हे, की रात्री कोण कुणाशेजारी झोपणार, पहाटे कोण आधी उठणार आणि सकाळी बाथरूमच्या दाराबाहेर किती जण ताटकळणार. एवढं नीट बसलं की सगळ्यात स्वस्त खोलीतही सुट्टी छान जाते. हे बिनसलं तर महागडी बाल्कनी घेऊनही आई अर्धवट झोपेचे डोळे घेऊन परत येते.

सोलापूरहून क्रूझला जाणारी कुटुंबं बहुतेक दोन वाटांनी जातात. एक म्हणजे मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जाणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस'. दुसरी म्हणजे सिंगापूरच्या सहलीला जोडलेली दोन-तीन रात्रींची क्रूझ. एम्प्रेस हे १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं जहाज आहे. त्या काळी खोलीला बाल्कनी असणं ही चैन समजली जायची, त्यामुळे त्यात बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आहेत आणि बाकीच्या खोल्या आटोपशीर आहेत. सिंगापूरहून सुटणारी बरीचशी जहाजं नवी आणि अवाढव्य असतात. तिथे बाल्कनीच्या खोल्या भरपूर आणि मधल्या दाराने जोडलेल्या खोल्याही मिळतात. म्हणून शेजाऱ्यांनी सिंगापूरला घेतली तशीच खोली आपल्याला मुंबईहून मिळेल असं धरून चालू नका. पद्धत मात्र दोन्हीकडे एकच.

पहिली पायरी: घरातली झोप कागदावर मांडा

एक कोरा कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि त्यापुढे झोपायची वेळ, उठायची वेळ, दुपारी झोपतो का, घोरतो का, रात्री किती वेळा उठतो, अंधाराला घाबरतो का, हे लिहा. हे काम बाळबोध वाटेल, पण बुकिंगच्या सगळ्या गोंधळाचं उत्तर इथेच मिळतं.

जुळे सोलापुरातल्या एका कुटुंबाचं उदाहरण घेते, कारण आपल्याकडची बरीच घरं अशीच असतात. आई, बाबा, सात वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि आजी. त्यांचा पहिला बेत असा होता: चौघांना मिळून एक बाल्कनीची खोली आणि आजींना एक स्वतंत्र इंटिरियर. कागदावर लिहायला घेतल्यावर दिसलं ते वेगळंच. आजी पहाटे पाचला उठतात, अंघोळ करून स्तोत्र म्हणतात. मुलगी आजीशिवाय झोपत नाही. धाकटा दुपारी एक ते तीन गाढ झोपतो आणि त्या वेळी चमचा पडला तरी दचकून उठतो. बाबा घोरतात. म्हणजे खरी वाटणी अशी निघाली: आजी आणि नात एका खोलीत, आई-बाबा आणि धाकटा दुसऱ्या खोलीत, मध्ये दार. खोल्या दोनच राहिल्या, माणसंही तीच, फक्त कोण कुठे हे बदललं आणि सगळ्यांच्या झोपेची सोय झाली. "मी एकटी त्या खोलीत काय करू गं?" हे आजींचं म्हणणंही आपोआप मिटलं.

दुसरी पायरी: गच्चीवर खडूने खोली आखा

वेबसाइटवरचे फोटो रुंद लेन्सने काढलेले असतात. त्यात खोली आहे त्यापेक्षा ऐसपैस दिसते. साध्या इंटिरियर खोलीचं क्षेत्रफळ जहाजानुसार साधारण १२० ते १८० चौरस फूट असतं, आणि त्यातच बाथरूम, कपाट, टेबल सगळं आलं.

एजंटकडून आकडा घ्या आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर जा. समजा १६० चौरस फूट सांगितलं, तर १० फूट बाय १६ फुटांचा चौकोन खडूने आखा. दाराजवळच्या कोपऱ्यात साधारण ४ बाय ७ फूट बाथरूमला द्या. त्यासमोर दोन फूट खोल कपाट. दुसऱ्या टोकाला जोडलेल्या पलंगाचे साडेपाच-सहा फूट बाय साडेसहा फूट. एका भिंतीला टेबल आणि खुर्ची. आता उरलेल्या पट्टीत सगळ्यांना उभं करा. मग बाळाच्या पाळण्यासाठी साडेतीन बाय अडीच फुटांची सतरंजीची घडी टाका आणि अंधारात बाथरूमपर्यंत जायला वाट उरते का, ते चालून बघा. सोफा उघडून पलंग होणार असेल तर तोही आखा. अनेक खोल्यांत सोफा उघडला की चालायची वाट बंदच होते, आणि रात्री बाथरूमला जाणाऱ्याला दुसऱ्याच्या पायांवरून जावं लागतं.

या आखणीत मोठ्या सुटकेसचा प्रश्नही दिसतो. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवायच्या असतात. चार माणसांच्या चार कडक सुटकेसपेक्षा दोन मोठ्या बॅगा आणि दोन मऊ, घडी होणाऱ्या बॅगा बऱ्या. बाबागाडी न्यायची असेल तर लहान घडी होणारीच न्या. केबिनची दारं घरातल्या दारांपेक्षा अरुंद असतात आणि आगीच्या नियमांमुळे बोळात बाबागाडी उभी करू देत नाहीत.

तिसरी पायरी: "चार जणांची खोली" म्हणजे नेमकं काय, ते विचारा

दोन जणांची साधी खोली आणि चार जणांची खोली यांचं क्षेत्रफळ पुष्कळदा सारखंच असतं. फरक फक्त जास्तीच्या बिछान्यांचा. खाली दोन पलंग असतात. ते जोडून डबल करता येतात किंवा वेगळे ठेवता येतात. तिसरा-चौथा माणूस झोपतो तो भिंतीतून किंवा छतातून खाली येणाऱ्या बर्थवर, नाहीतर सोफा-कम-बेडवर. हा बर्थ दिवसा वर बंद करून ठेवतात आणि रात्री केबिन स्टुअर्ड, म्हणजे खोलीची व्यवस्था बघणारा कर्मचारी, खाली काढून शिडी लावून देतो.

त्यामुळे एजंटला विचारायचं ते असं: वरचे बर्थ किती? सोफा आहे का, आणि तो एकाचा की दोघांचा? खालचे पलंग जोडले तर वरचा बर्थ कुणाच्या डोक्यावर येतो? काही खोल्यांत तो अगदी पलंगाच्या कडेवर येतो आणि मोठ्या माणसाचं डोकं रोज सकाळी आपटतं.

रेल्वेत तीन वर्षांच्या पोराला आपण अप्पर बर्थवर झोपवत नाही, तसंच इथेही. कठडा असला तरी सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बर्थवर झोपवू नये. सहा वर्षांपुढच्या मुलांना मात्र वर झोपायला फार आवडतं. दोन मुलांत वरच्या बर्थवरून भांडण होणार असेल, तर रात्रीच्या पाळ्या सोलापुरातच ठरवून ठेवा. दोघंही सहाच्या आतले असतील तर दोन अप्पर बर्थवाली खोली तुमच्या उपयोगाची नाही. सोफा असलेलीच हवी.

तान्ह्या बाळासाठी घडीचा पाळणा बहुतेक कंपन्या देतात, पण तो आगाऊ नोंदवावा लागतो. बाळाच्या वयाची अटही बघा. रॉयल कॅरिबियनसारख्या मोठ्या कंपन्या सहसा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेत नाहीत, आणि सलग बरेच दिवस समुद्रातच राहणाऱ्या लांबच्या सफरींना हीच अट बारा महिन्यांची असते. आई दुसऱ्यांदा गरोदर असेल तर चोवीस आठवड्यांची मर्यादा बहुतेक ठिकाणी आहे, आणि ती सफर संपण्याच्या दिवशी मोजतात, सुरू होण्याच्या दिवशी नाही.

चौथी पायरी: एक खोली की दोन?

इथे थांबून नीट हिशेब करा, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच चुकीच्या जागी जातात.

क्रूझचं भाडं खोलीवर नसतं, माणसावर असतं. खोलीतल्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडं, तिसऱ्या-चौथ्याला कमी. त्यामुळे चौघं एकाच खोलीत कोंबले की स्वस्त पडतं, असं आपण गृहीत धरतो. आता हे आकडे फक्त हिशेबासाठी समजा. बाल्कनीच्या खोलीत पहिल्या दोघांना प्रत्येकी ४०,००० आणि तिसऱ्या-चौथ्याला प्रत्येकी १५,००० रुपये. एकूण १,१०,०००. त्याच जहाजावर इंटिरियरचं भाडं माणशी २८,००० असेल, तर दोन इंटिरियर खोल्यांत चौघांचे १,१२,०००. बंदराचे आकार आणि कर माणशी असतात, ते दोन्हीकडे जवळपास सारखेच. म्हणजे दोन हजारांच्या फरकात तुम्हाला दुसरं बाथरूम, दुसरं कपाट, जास्त जागा आणि बंद करता येणारं दार मिळालं. गेली फक्त बाल्कनी. प्रत्यक्ष आकडे दर सफरीला बदलतात, म्हणून एजंटकडून दोन्ही कोटेशन लेखी मागा. बरेच एजंट दुसरं कोटेशन मागितल्याशिवाय देत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. दोन मुलं असतील आणि त्यातलं एक तरी आठ वर्षांच्या पुढचं असेल, तर बाल्कनीपेक्षा दुसरं बाथरूम घ्या. पोरं जहाजावरच्या पोहण्याच्या तलावातून भिजून येतात, एकाला शॉवर हवा असतो, दुसऱ्याला त्याच क्षणी संडासला लागलेलं असतं, आणि जेवणाची वेळ डोक्यावर असते. जहाजावरचं साधं बाथरूम म्हणजे कमोड, छोटं बेसिन आणि पडद्याआडचा शॉवर. एका वेळी एकच माणूस मावतो.

दोन खोल्या घेताना शब्द जपून वापरा. 'शेजारच्या खोल्या' म्हटलं तर फक्त भिंतीला भिंत लागून असलेल्या खोल्या मिळतील, आणि ये-जा बोळातूनच. मधून दार हवं असेल तर 'कनेक्टिंग' हाच शब्द वापरा आणि दोन्ही खोल्यांचे नंबर लेखी घ्या. जहाजाच्या नकाशावर अशा दोन खोल्यांच्या मध्ये छोटं चिन्ह असतं. ते स्वतः डोळ्यांनी बघा. कनेक्टिंग मिळालीच नाही तर बोळाच्या समोरासमोर दोन खोल्या हा चांगला पर्याय असतो. एका बाजूची इंटिरियर, समोरची ओशन व्ह्यू. किशोरवयीन मुलांना तर हेच जास्त आवडतं.

बुकिंगच्या नियमात आणखी एक मेख आहे. अनेक कंपन्या प्रत्येक खोलीत एक तरी सज्ञान माणूस असलाच पाहिजे असं म्हणतात. हे वय कुठे १८, कुठे २१. मुलं कनेक्टिंग किंवा अगदी लगतच्या खोलीत असतील तर काही कंपन्या सूट देतात. नाहीतर कागदावर आई एका मुलाबरोबर आणि बाबा दुसऱ्या मुलाबरोबर असं बुकिंग होतं आणि जहाजावर गेल्यावर कुटुंब आपापल्या सोयीने झोपतं. असं करणार असाल तर मस्टर स्टेशन दोन्ही खोल्यांना एकच आहे ना, हे आधी विचारून घ्या. धोक्याच्या वेळी सगळ्यांनी जमायची ती जागा. ती खोलीनुसार ठरते, आणि आई एका टोकाला, मूल दुसऱ्या टोकाला अशी वेळ येता कामा नये.

कनेक्टिंग दाराचा एक तोटाही सांगते. हे दार भिंतीपेक्षा पातळ असतं, आवाज आरपार जातो. पलीकडे आपलंच कुटुंब असेल तर हरकत नाही. पण तुम्ही एकच खोली घेतली आणि ती नेमकी कनेक्टिंग निघाली, तर पलीकडच्या अनोळखी लोकांच्या गप्पा तुमच्या तान्ह्याच्या कानाशी. एकच खोली हवी असेल तेव्हा मधलं दार नसलेलीच मागा.

पाचवी पायरी: आता खिडकी आणि बाल्कनी

इंटिरियर खोलीत खिडकी नसते. दिवा मालवला की मिट्ट काळोख. कोवळ्या उन्हाबरोबर उठणारं मूल तिथे आठपर्यंत झोपतं, हा मोठा फायदा. पण अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला आणि कोंदट वाटणाऱ्या आजी-आजोबांना ती मानवत नाही. बऱ्याच जहाजांवर टीव्हीच्या एका चॅनलवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र चालू असतं. आवाज बंद करून ते लावून ठेवलं की रात्री मंद उजेड आणि सकाळी दिवस उजाडल्याची खूण, दोन्ही होतं.

ओशन व्ह्यूची खिडकी उघडत नाही. तरीही मधल्या वयाच्या मुलांसाठी हीच खोली मला सर्वांत बरी वाटते. उजेड येतो, समुद्र दिसतो, आणि कठड्याची काळजी नाही. बुकिंग करताना एवढंच बघा की खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही. अशा खोल्या 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' म्हणून स्वस्तात विकतात. उजेडापुरती खिडकी हवी असेल तर तो सौदा वाईट नाही.

बाल्कनीचे पैसे खरे वसूल होतात ते दुपारी झोपणाऱ्या लहानग्याच्या आई-बाबांचे. बाळ आत झोपलेलं, दार लोटलेलं, आणि तुम्ही दोघं बाहेर चहा घेत बसलेले. नाहीतर ते दोन तास अंधाऱ्या खोलीत कुजबुजत काढावे लागतात. उलट दहा-बारा वर्षांची मुलं खोलीत फक्त झोपायला येतात. त्यांना बाल्कनी घेणं म्हणजे कुणी बसत नाही अशा जागेचं भाडं भरणं.

लहान मुलं असतील तर बाल्कनीच्या सुरक्षिततेची भीती रास्त आहे, आणि तिची सोयही आहे. कठडा सहसा मोठ्या माणसाच्या छातीच्या जरा खाली येतो, साधारण ४२ इंच, आणि खाली काच किंवा जाळी असते. मूल कठड्याखालून जात नाही. धोका असतो तो खुर्चीवर चढण्याचा. म्हणून बाल्कनीतल्या खुर्च्या आणि छोटं टेबल आत घ्या किंवा स्टुअर्डला काढून न्यायला सांगा. दाराची कडी उंचावर असते. आत आल्यावर ती लावायचीच, असा एकच नियम सगळ्यांना सांगा. मोठं माणूस बाहेर असल्याशिवाय मुलाने बाल्कनीत पाऊल टाकायचं नाही. एवढं पाळणं जमणार नसेल, मूल फारच चढाळू असेल, तर त्या वर्षी बाल्कनी नको.

सहावी पायरी: जहाजाचा नकाशा वाचा

प्रत्येक जहाजाचे मजल्यामजल्याचे नकाशे कंपनीच्या साइटवर असतात. ते मोठ्या स्क्रीनवर उघडा. मोबाइलवर हे काम नीट होत नाही.

आपल्या खोलीचा नंबर शोधा. मग बरोबर वरचा मजला उघडा आणि त्या जागी काय आहे ते बघा. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज येणार. वर बुफे असेल तर ट्रॉल्यांचा. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री उशिरापर्यंत धडधड. ज्या खोलीच्या वरही खोल्या आणि खालीही खोल्या, ती सर्वांत शांत. नकाशात नंबर नसलेली कोरी पांढरी जागा शेजारी दिसली तर तिथे कर्मचाऱ्यांचं भांडार किंवा सर्व्हिसची वाट असू शकते, तीही टाळा.

जहाजाच्या पुढच्या टोकाला लाटांचा वर-खाली हेलकावा जास्त लागतो आणि बंदरावर नांगर टाकायचा असेल तर साखळीचा खडखडाट होतो. मागच्या टोकाला इंजिनाची थरथर. लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर हलणं सर्वांत कमी. एस.टी.त घाटात उलटी होणारं मूल असेल तर मधली, खालच्या मजल्यावरची खोली घ्या, भले ती इंटिरियर असली तरी चालेल. सोलापूरच्या पोरांना समुद्राची सवय नसते. उलटीचं औषध कोणतं आणि किती, हे निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारूनच बरोबर घ्या. दोन वर्षांखालच्या बाळाला मोठ्यांची गोळी मोडून द्यायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना बजावा.

लिफ्टपासून खोली जवळ असावी, पण लिफ्टसमोर नको. चार-सहा दारं सोडून असली की पुरे. शो सुटल्यावर लिफ्टला गर्दी होते, तेव्हा खांद्यावर झोपलेलं मूल घेऊन दोन मजले जिन्याने जाता यावं, इतपत अंतर धरा.

सातवी पायरी: आजी-आजोबा आणि दुसरं कुटुंब

सहा माणसं असतील तर तीन-तीनच्या दोन खोल्या, हे गणित सोपं वाटतं. पण आजोबांना रात्री तीनदा उठावं लागत असेल तर त्यांच्या खोलीत सोफ्यावर नातवाला टाकू नका. दोघांचीही झोप जाते. आजी-आजोबांना दोन सुटे पलंग मागा, जोडलेले नको. गुडघे दुखत असतील तर बाथरूमचा उंबरा विचारा. बऱ्याच जहाजांवर तो दोन-चार इंच वर असतो. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, उंबरा नसलेल्या खास खोल्या असतात. त्या थोड्याच असल्याने लवकर जातात.

दोन भावांची कुटुंबं एकत्र जात असतील तर सगळ्यांनी एकाच बोळात राहण्याचा हट्ट धरण्यापेक्षा एकाच मजल्यावर राहा. भेटायला जेवणाचं टेबल आहे, डेक आहे. चुलत भावंडांना एकाच खोलीत झोपायचंच असतं, ते एक रात्र झोपू द्या. सगळ्या रात्रींसाठी तसं बुकिंग मात्र करू नका.

आठवी पायरी: बुकिंग कधी आणि कसं

तीन-चार माणसांच्या खोल्या आधी संपतात. याचं एक कारण फारसं कुणाला माहीत नसतं. लाइफबोटींची क्षमता प्रत्येक भागासाठी ठरलेली असते, त्यामुळे खोल्या रिकाम्या दिसत असूनही त्या भागात तिसरा-चौथा माणूस घेता येत नाही. "खोली आहे, पण चौघांना नाही" असं एजंट म्हणाला तर तो टाळत नसतो. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत हे हमखास होतं. दिवाळीला जायचं तर पावसाळा लागण्याआधीच बोलणं सुरू करा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे आपल्याकडची माणसं सोलापूर सोडत नाहीत, आणि मुलांच्या शाळाही असतात. पण यात्रा झाल्यावर, शाळेत न जाणारं लहान मूल असलेल्या कुटुंबाला फेब्रुवारीचे दिवस चांगले. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा मुंबईहून जाण्याचा विचारच नको.

'गॅरंटी केबिन' नावाची एक स्वस्त सोय असते: प्रकार तुम्ही निवडायचा, नंबर कंपनी देणार. नवरा-बायको दोघंच असतील तर घ्या. मुलं असतील तर घेऊ नका. एक खोली पुढच्या टोकाला, दुसरी तीन मजले वर, असं होऊ शकतं. थोडे जास्त पैसे देऊन नंबर ठरवून घ्या.

मुंबईला पोचण्याचंही आत्ताच ठरवा. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी सीएसएमटीला पोचते, आणि क्रूझ सुटते ते बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीने अगदी जवळ आहे. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापुरातून सुटते, पण मुंबईला पोचायला दुपार होते. गाडीला उशीर झाला तर चेक-इन चुकण्याची भीती. लेकरं बरोबर असताना सिद्धेश्वरच बरी. केबिन दुपारपर्यंत ताब्यात येत नाही आणि चेक-इनला दिलेल्या मोठ्या बॅगा संध्याकाळी खोलीत येतात. म्हणून डायपर, औषधं, दुधाची बाटली, एक कपड्यांचा जोड आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.

नववी पायरी: खोलीसाठी काय न्यायचं

केबिनचा एसी जोरात असतो. आपल्या उन्हात वाढलेल्या मुलांना पहिल्याच रात्री थंडी वाजते. प्रत्येक मुलासाठी घरची सोलापुरी चादर न्या. ओळखीचं पांघरूण असलं की नव्या जागी झोपही लवकर लागते. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक छान चिकटतात. आठ-दहा हुक नेले की ओले टॉवेल, टोप्या, ओळखपत्रं भिंतीवर जातात आणि जमीन मोकळी राहते. एक जुनी चादर दोन हुकांवर टांगली की बाळाच्या पाळण्याला आडोसा होतो. एक चुंबक दाराबाहेर लावायला न्या, मुलाच्या आवडीचा. बोळातली सगळी दारं सारखी दिसतात, आणि पाच वर्षांचं मूल नंबर विसरतं पण चित्र विसरत नाही.

बादली मिळत नाही आणि जेटस्प्रे असेलच असं नाही. प्लास्टिकचा एक मग न्याच. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, इंडक्शन चालत नाही. तपासणीत काढून ठेवतात. त्यामुळे खोलीत खिमट शिजवायचा बेत आखू नका. गरम पाणी आणि दूध बुफेतून किंवा स्टुअर्डकडून घ्या. शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेण्याची इच्छा कुणाला होणार नाही? पण खाण्याच्या पदार्थांचे नियम कंपनीगणिक वेगळे, ते आधी विचारा, आणि परदेशी बंदरावर उतरताना घरचं काही बरोबर घेऊ नका.

चार-पाच दिवसांनी नळाला येणाऱ्या पाण्याची सवय असलेली आपली मुलं शॉवरखाली हटत नाहीत. जहाजावर गोडं पाणी बहुतांशी समुद्राच्या पाण्यापासून तयार करतात, हे त्यांना सांगा. कसं करतात ते विचारायला ती स्वतःच स्टुअर्डमागे लागतील.

दहावी पायरी: जहाजावर चढल्यावरचा पहिला तास

खोलीत शिरल्याबरोबर पलंगावर आडवं होऊ नका. मधलं दार उघडतं का ते बघा. ते बहुधा कुलूपबंद असतं आणि स्टुअर्डला सांगून उघडून घ्यावं लागतं. अप्पर बर्थचा कठडा आणि शिडी हलवून बघा. पाळणा आला का? बाल्कनीच्या दाराची कडी नीट बसते का? लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची आहेत का, हे तर सर्वांत आधी. नसतील तर लगेच मागा. लहान मुलांच्या मनगटाला मस्टर स्टेशनच्या नंबराचा पट्टा देतात, तो संपूर्ण सफरभर काढायचा नाही.

मग मुलांना घेऊन खोलीपासून मस्टर स्टेशनपर्यंत आणि परत जिन्याने चालत जा. परतताना मुलाला पुढे घाला आणि त्यालाच दार शोधू द्या. खोलीतला फोन कसा उचलायचा, दुसऱ्या खोलीचा नंबर कसा फिरवायचा हे शिकवा. समुद्रात मोबाइलला नेहमीची रेंज नसते.

खोलीत काही चुकलं असेल, कनेक्टिंग ऐवजी नुसती शेजारची मिळाली असेल, सोफ्याऐवजी दोन अप्पर बर्थ निघाले असतील, तर बॅगा न उघडता तडक गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जा. तुमच्या लेखी कोटेशनचा कागद आणि मेल दाखवा. न आलेल्या प्रवाशांच्या खोल्या कोणत्या, हे जहाज सुटायच्या सुमारास त्यांना कळतं आणि बदल करायचा असेल तर तो त्याच संध्याकाळी होतो. एकजण मुलांना घेऊन बुफेत बसा, दुसऱ्याने काउंटर सोडू नका.